माप कोणाचे? : राजस्त्रियांचा वेश आणि स्त्रीला वगळणारी नित्योपयोगी रचना

प्रस्तावना

डिसेंबर २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा पुण्यात त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचताना दाखवणाऱ्या गीतावर मुख्य आक्षेप होता. त्या गीतातील नऊवारी नेसण्याची पद्धत पेशव्यांच्या घरातील स्त्रीला शोभणारी नाही, असे आक्षेपकांचे म्हणणे होते; तर कलाकृतीला कल्पनेचे स्वातंत्र्य असते, असे समर्थकांचे. वाद शालीनता आणि इतिहासनिष्ठा या दोन टोकांत फिरत राहिला. हे वस्त्र नेसून स्त्रीला काय करता येत होते आणि काय करता येत नव्हते, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांनी विचारला नाही.

ही उणीव केवळ त्या वादापुरती मर्यादित नाही. राजस्त्रीच्या वेशाकडे पाहण्याची आपली रूढ दृष्टी शोभेची आहे. पैठणीचा पदर, नथीतील मोती, काठांची रुंदी यांचे वर्णन विस्ताराने होते. परंतु वेश ही एक 'रचना' आहे आणि प्रत्येक रचनेत कोणाचे तरी शरीर, कोणाचे तरी काम गृहीत धरलेले असते, याचा विचार क्वचितच होतो. परिणामी राजस्त्रीच्या वेशातून शोभा उचलली गेली आणि उपयुक्ततेचा धडा मागे राहिला. प्रस्तुत लेखात पुणे परिसरातील उदाहरणांच्या आधारे या मागे राहिलेल्या धड्याची चिकित्सा केली आहे.

वस्त्र म्हणून नव्हे, रचना म्हणून नऊवारी

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचा, कोठेही न शिवलेला अखंड कपडा. या कपड्याला नेसणारीचे माप नसते. उंच, ठेंगणी, सडपातळ, स्थूल, गरोदर वा बाळंतीण अशा कोणत्याही अवस्थेतील स्त्रीला तोच कपडा पुरतो. मापाची जबाबदारी कपड्यावर असते, शरीरावर नाही. कासोटा घातल्यामुळे पाय मोकळे राहतात. समोर गाठ मारावयाची खणाची चोळी शरीरातील बदलांनुसार सैल वा घट्ट करता येते आणि तान्ह्या मुलाला पाजणाऱ्या स्त्रीची सोय पाहते.

या वस्त्रात वेगळा खिसा नाही. परंतु सामान वाहण्याची व्यवस्था आहे. कनवटीला पैसे लागतात, पदराच्या गाठीत किल्ली राहते, ओच्यात शेंगा वा फुले घेता येतात, कमरेला चंची खोचता येते. मराठी भाषेने या प्रत्येक जागेला स्वतंत्र नाव दिले आहे. ज्या जागेला नाव असते ती जागा वापरात असते, एवढे अनुमान त्यावरून निश्चित काढता येते.

राजस्त्री आणि कष्टकरी स्त्री यांच्या वेशातील फरक मूळ रचनेत कमी आणि पोतात अधिक होता. पैठणच्या रेशमाऐवजी जाडेभरडे सुती लुगडे आले, घोट्यापर्यंतचा घोळ पोटरीपर्यंत वर गेला, तरी तत्त्व तेच राहिले. पुण्याजवळील तळेगावच्या उमाबाई दाभाडे यांचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पुत्र त्रिंबकराव मारले गेल्यानंतर उमाबाईंनी दाभाड्यांच्या लष्करी कारभाराची सूत्रे हाती घेतली आणि गुजरातच्या मोहिमेचे नेतृत्व केले. मराठा स्त्रियांच्या घोडदौडीची चित्रे आज पराक्रमाची प्रतीके म्हणून मिरवली जातात. परंतु कासोट्याचे वस्त्र घोड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसू देते, ही त्या चित्रांतील साधी बाब लक्षात घेतली जात नाही.

याचा अर्थ हा वेश मुक्तीचा वेश होता, असा नव्हे. विधवेच्या अंगावर चढवले जाणारे लाल आलवणही लुगडेच होते. कोणी कोणते वस्त्र, कोणता रंग, कोणता दागिना वापरावा यावर जातीची आणि वैवाहिक स्थितीची कठोर बंधने होती. १८८२ मध्ये पुण्यात छापल्या गेलेल्या 'स्त्रीपुरुष तुलना' या ग्रंथात ताराबाई शिंदे यांनी स्त्रीला एक आणि पुरुषाला दुसरा न्याय लावणाऱ्या व्यवस्थेवर जो प्रहार केला, त्या व्यवस्थेतच हे वस्त्र वावरत होते. तेव्हा वस्त्राची रचना शरीराला अनुकूल आणि त्याच्या वापराचे नियम स्त्रीला प्रतिकूल, असे हे दुहेरी वास्तव आहे. त्यातील एक बाजू झाकून दुसरीचा गौरव करणे अभ्यासाच्या शिस्तीत बसत नाही.

आज्ञा देणारी आणि जुळवून घेणारी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजस्त्रीच्या वेशात महत्त्वाचे परिवर्तन झाले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांच्या कन्या इंदिराराजे (जन्म १८९२) विवाहानंतर कूचबिहारच्या महाराणी झाल्या. शिफॉनची साडी राजघराण्यांत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. इटलीतील प्रसिद्ध पादत्राण-कारागीर साल्वातोरे फेरागामो यांच्याकडून त्यांनी हिरे-मोती जडवलेले जोडे करवून घेतले. फॅशनच्या इतिहासात ही घटना ऐश्वर्याचा नमुना म्हणून सांगितली जाते. परंतु रचनेच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. येथे कारागीर स्त्रीच्या पायाचे माप घेतो आणि वस्तू त्या पायाला जुळते. राजस्त्रीचे खरे वैशिष्ट्य हिऱ्यांत नसून आज्ञा देण्याच्या या सामर्थ्यात आहे.

इंदिराराजे यांच्या मातोश्री महाराणी चिमणाबाई यांचे नाव पुण्याच्या इतिहासाशी वेगळ्या कारणाने जोडलेले आहे. जानेवारी १९२७ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षा चिमणाबाई होत्या. स्त्रीशिक्षणाचा प्रश्न त्या अधिवेशनाच्या केंद्रस्थानी होता. त्याआधी १९११ मध्ये भारतीय जीवनातील स्त्रियांच्या स्थानावरील त्यांचे सहलेखनातील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले होते. तरीही बडोद्याच्या राजस्त्रियांची सर्वसामान्य आठवण रत्ने, शालू आणि तैलचित्रे यांपुरती उरली आहे. स्त्रीने काय नेसले हे स्मरणात राहते, तिने काय मागितले हे विसरले जाते.

ज्या स्त्रीला आज्ञा देता येत नाही तिला तयार वस्तूशी स्वतः जुळवून घ्यावे लागते. राजस्त्री आणि सामान्य स्त्री यांतील खरी दरी कापडाच्या किमतीची नसून ही आहे.

संग्रहालयातील वस्तू आणि अदृश्य हात

या दृष्टीने पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय महत्त्वाचे ठरते. दिनकर गंगाधर केळकर यांनी सुमारे १९२० पासून जमवलेला हा संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्यात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. दिवे, अडकित्ते, फण्या, वज्री, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकाची भांडी अशा दैनंदिन वस्तूंना कलावस्तूंचा मान देणारा हा संग्रह भारतात विरळा आहे. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही येथेच आहे.

केळकरांची दृष्टी काळाच्या पुढे होती, यात शंका नाही. राजवाड्याइतकेच माजघरही जतन करण्यासारखे आहे, हे त्यांनी ओळखले. परंतु हा संग्रह पाहण्याची जी सवय प्रेक्षकांना आणि अभ्यासकांनाही जडली आहे, तिची चिकित्सा आवश्यक आहे. मस्तानी महालापुढे प्रेक्षक एका व्यक्तीची कथा आठवतो. वज्रीपुढे मात्र तो पितळेवरील मोर पाहतो. ती वज्री कोणत्या हाताने धरली, तिची मूठ किती रुंद होती, टाचेच्या भेगा कोणत्या कामातून पडल्या, हे प्रश्न नक्षीआड जातात. कारागिराचे कसब नोंदले जाते, वापरणारीचा अनुभव नोंदीबाहेर राहतो. वास्तविक वज्रीसारखी वस्तू स्त्रीच्या हाताचे माप आणि पायाचे दुखणे जाणणाऱ्या समाजातच घडू शकते. या वस्तू म्हणजे स्त्रीच्या शरीराविषयीच्या ज्ञानाचे दस्तऐवज आहेत. त्यांना केवळ हस्तकलेचे नमुने मानल्याने ते ज्ञान वाचले जात नाही.

दुचाकीचे शहर आणि मागची बैठक

हस्तकलेकडून कारखान्याकडे जाताना हे ज्ञान कसे गळून पडले, याचे स्पष्ट उदाहरण पुण्यातच सापडते. सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे पुढे स्कूटरींचे शहर झाले. सायकलीच्या काळात निदान मधला आडवा दांडा नसलेली 'लेडीज सायकल' उपलब्ध होती. १९७२ मध्ये बजाज कंपनीची 'चेतक' आली. राणाप्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करणाऱ्या या स्कूटरची पुढची बाजू, तिच्या इटालियन पूर्वसुरी व्हेस्पाप्रमाणे, मोकळी होती. त्यामुळे साडी नेसून बसणे तत्त्वतः शक्य होते. परंतु पायाने जोर लावून सुरू करण्याची खटकी आणि हाताने बदलावयाचे गियर साडी नेसलेल्या स्त्रीसाठी सोयीचे नव्हते.

येथे इतिहासाने एक विचित्र वळण घेतले आहे. घोड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसू देणारा कासोटा शहरी मध्यमवर्गीय स्त्रीने स्कूटर येईपर्यंत बहुतांशी सोडला होता. त्याची जागा गोल पाचवारीने घेतली होती. परिणामी स्त्री स्कूटरवर आली ती मागे, एका बाजूला पाय सोडून बसणारी सहप्रवासी म्हणून. ही तडजोडीची बैठक पुढे तिची स्वाभाविक बैठक समजली गेली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार दुचाकीवर मागे बसणाऱ्यासाठी पकडण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि वस्त्र चाकात अडकू नये म्हणून मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण बंधनकारक आहे. व्यवहारात या आवरणाला 'साडीगार्ड' म्हणतात. नियम आवश्यक आहे आणि त्याने जीव वाचतात. तथापि त्याच्या लोकप्रिय नावातून प्रकट होणारी कल्पनाही लक्षात घ्यावयास हवी : साडीचे स्थान मागे आहे.

या कल्पनेला छेदही पुण्याच्याच उद्योगांनी दिला. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगची हलकी 'लूना' आली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या कायनेटिक-होंडा या संयुक्त उद्योगाच्या स्कूटरला गियर नव्हते आणि ती बटन दाबून सुरू होत असे. वाहन हलके आणि सोपे होताच पुण्याच्या रस्त्यांवर वाहन चालवणाऱ्या स्त्रियांची उपस्थिती ठळक झाली. स्त्रियांना वाहन चालवण्याची हौस नाही, असे मानण्याचे कारण उरले नाही. अडचण स्त्रीत नव्हती, वस्तूत होती.

सरासरी माणूस

चारचाकीच्या बाबतीत हा प्रश्न जिवावर बेततो. अपघात-चाचणीसाठी जगभर वापरला जाणारा 'हायब्रिड-३' हा पुतळा १९७० च्या दशकात सरासरी अमेरिकन पुरुषाच्या मापाने घडवला गेला. स्त्रीसाठी वापरला गेलेला पुतळा हा त्याच पुरुषी पुतळ्याची लहान आवृत्ती होता. सरासरी स्त्रीच्या शरीररचनेवर आधारित पुतळा स्वीडनमधील संशोधकांनी २०२२ मध्ये सादर केला. दरम्यान, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, तुलनीय अपघातांत पट्टा बांधलेल्या स्त्री-चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्क्यांनी अधिक आढळली. कॅरोलिन क्रियाडो पेरेझ यांच्या २०१९ मधील 'इन्व्हिजिबल वुमेन' या ग्रंथाने अशा अनेक क्षेत्रांतील पुराव्यांकडे जगाचे लक्ष वेधले.

भारतातील वाहन-चाचणीची प्रमुख संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ पासून पुण्यात आहे. ज्या शहरात नऊवारीचे मापरहित तत्त्व पिढ्यान्पिढ्या वापरात होते, त्याच शहरात आज वाहनांची मापे तपासली जातात. ही दोन ज्ञाने एकमेकांशी बोलत नाहीत. वस्त्राचा अभ्यास कलाशाखेकडे आणि वाहनाचा अभियांत्रिकीकडे सोपवला गेल्याने शरीर मधल्या मधे हरवले आहे.

समारोप

आज पुण्याच्या बाजारात शिवलेली नऊवारी मिळते. 'पेशवाई', 'मस्तानी' अशा नावांनी ती विकली जाते. नेसण्याचा वेळ आणि सुटण्याची भीती वाचते, म्हणून तरुण स्त्रिया ती पसंत करतात. त्यांच्या निवडीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु शिवल्याबरोबर या वस्त्राला कमरेचे माप आले आणि ज्या गुणामुळे ते कोणत्याही स्त्रीचे होते तो गुण संपला. राजस्त्रीची शोभा जशीच्या तशी आली. कनवटी मात्र आली नाही. त्या वेशातील स्त्रीला मोबाइल आणि गाडीची किल्ली ठेवण्यासाठी हातात पिशवी बाळगावी लागते.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रिया दिसतात. या दृश्याला कोणी परंपरेचा उत्सव म्हणतात, कोणी प्रदर्शन. रचनेच्या अंगाने पाहता तो दीर्घकाळ खोळंबलेला एक योग आहे : पाय मोकळे ठेवणारे वस्त्र आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावयाचे वाहन प्रथमच एकत्र आले आहेत. मात्र वर्षातून एक दिवस जमणाऱ्या या योगाने उरलेल्या दिवसांचा प्रश्न सुटत नाही. राजस्त्रीच्या वेशाचा वारसा सांगावयाचा असेल तर तो काठ-पदराचा नव्हे, तर वस्तूने स्त्रीच्या मापाला जुळावे या अपेक्षेचा सांगावा लागेल. पूर्वी ही अपेक्षा जिच्या हाती आज्ञा होती तिचीच पुरी होत असे. ती प्रत्येक स्त्रीचा हक्क व्हावयाची असेल तर वस्त्रेतिहास, संग्रहालयशास्त्र आणि अभियांत्रिकी या शाखांना एका टेबलाशी बसावे लागेल. महाविद्यालयांइतकी त्यासाठी सोयीची जागा दुसरी नाही.