अनिल अवचट : पत्रकाराचे छंद आणि त्यांची किंमत

आजचा विषय ऐकायला हलका वाटेल : पत्रकाराचे छंद. पत्रकाराने काय लिहिलं ते तपासावं, तो फावल्या वेळात काय करतो याच्याशी वाचकाला काय देणं-घेणं? बहुतेक पत्रकारांच्या बाबतीत आम्हीही असंच म्हणू. पण अनिल अवचटांच्या बाबतीत ही सोय नाही, कारण त्यांनी स्वतःच ही गोष्ट आपल्यासमोर आणून ठेवली. ‘माणसं’, ‘संभ्रम’, ‘कोंडमारा’, ‘गर्द’ लिहिणाऱ्या माणसाने ‘छंदांविषयी’ नावाचं आख्खं पुस्तक लिहिलं. चित्रं, ओरिगामी, बासरी, लाकडातलं कोरीवकाम, स्वयंपाक. म्हणजे लेखकालाच वाटत होतं की हे आपल्या लिहिण्याच्या बाहेरचं नाही. मग समीक्षेने ते बाहेर का ठेवावं?

एक आक्षेप आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेला आहे. हमालांवर, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायांवर, दलितांवरच्या अत्याचारांवर लिहायचं, आणि मग घरी येऊन कागदाचे पक्षी करत बसायचं, हे कसं काय? आक्षेप घेणारे दोन प्रकारचे असतात. काहींना छंद म्हणजे पळवाट वाटते. काहींना उलट वाटतं की छंद हा लेखकाच्या गोडव्याचा भाग आहे, त्याला हात लावू नये. आम्हाला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोघांनीही छंद आणि लेखन वेगवेगळ्या खणांत ठेवलं आहे.

आधी एक तुलना करू. गोविंद तळवलकरांचा छंद वाचन. 1968 ते 1996 ते ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक होते, आणि त्यांच्या ‘वाचता वाचता’मध्ये त्या वाचनाचा आवाका दिसतो. त्यांचा अग्रलेख उभा राहतो तो वाचनावर. एखादा प्रश्न समोर आला की इतिहास, चरित्रं, इतर देशांचे दाखले मदतीला येतात. वाचक म्हणून आपल्याला वाटतं, हा माणूस आपल्यापेक्षा उंचावर उभा राहून लांबचं पाहतोय.

अवचटांचा रस्ता नेमका उलटा. ते वैद्यकीचं शिक्षण घेतलेले, पण वैद्यकीचा व्यवसाय न केलेले. 1969 साली आलेल्या ‘पूर्णिया’पासून त्यांची रीत ठरलेली दिसते : जायचं, बघायचं, विचारायचं, जसं दिसलं तसं सांगायचं. वाक्यं छोटी, बोलण्यातली. आणि मधोमध एक ‘मी’, ज्याला काहीही माहीत नाही. हा ‘मी’ हमालाला विचारतो, पोतं उचलायचं कसं, मजुरी ठरते कशी, पाठीला काय होतं. तज्ज्ञ माणसाला जे प्रश्न विचारायची लाज वाटेल, ते तो बिनदिक्कत विचारतो.

आता ‘छंदांविषयी’ उघडा. तिथेही तोच ‘मी’ भेटतो. बासरी वाजवायची ती मैफल गाजवण्यासाठी नाही. चित्रं काढायची ती चित्रकार म्हणवून घेण्यासाठी नाही. जमेल तसं करायचं, चुकलं तर परत करायचं, जमल्यावर लहान मुलासारखं खूश व्हायचं. नवशिकेपणाची ही जी तयारी आहे, ती आमच्या मते त्यांच्या रिपोर्ताजची खरी तालीम आहे. ज्याने स्वतः पटाशीने लाकूड कोरून बघितलंय, त्याला कारागिराच्या हातात काय चाललंय ते वेगळं दिसतं. कामगार म्हणजे नुसता ‘शोषित’ एवढंच त्याच्या लेखी उरत नाही. त्या कामात कसब किती, दमणूक किती, कुठे काय दुखतं, हे तो टिपतो. मराठी पत्रकारितेत कष्टकऱ्यांबद्दलची कणव पुष्कळ होती. कष्टाच्या कृतीचं इतकं बारीक वर्णन मात्र फार कमी होतं.

इथवर कौतुक झालं. आता अडचणींकडे येऊ.

पहिली अडचण अशी, की हाताला जे कळतं त्याला मर्यादा असते. पोतं कसं उचलतात हे हात सांगतो. बाजारात दर कोण पाडतं, कायदा कुणी अडवला, हे हात सांगत नाही. तिथे तळवलकरांसारखं वाचन लागतं, आकडे लागतात, कागदपत्रं लागतात. अवचट पुष्कळदा दार दाखवून थांबतात. उपाय सांगणं हे आपलं काम नाही, ही भूमिका प्रामाणिक आहे. पण वाचकाच्या मनात हळहळ उरते आणि पुढचं पाऊल सापडत नाही, असंही होतं.

दुसरी अडचण पुढच्या काळातल्या लेखनाची. ‘कोंडमारा’मधल्या नवलामागे अस्वस्थता आहे. नंतरच्या बऱ्याच लेखनात नवल उरतं, अस्वस्थता विरळ होते. झाड, पक्षी, स्वतःचं घर, स्वतःचा आनंद. मजकूर वाचनीय आहेच, पण जिथे समोरचा माणूस विरोध करत नाही, उलट उत्तर देत नाही, तिथे अवचटांची शैली सैल पडते. त्यांच्या साध्या वाक्याला समोर काहीतरी कठीण असावं लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. छंदाला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे कोणीतरी भरत असतं. अवचटांच्या घरात ते कोण भरत होतं हे त्यांनी लपवलेलं नाही. डॉ. सुनंदा (अनिता) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या. त्या पगारावर घर चाललं, म्हणून नोकरीच्या दाव्याला न बांधता पत्रकारिता करता आली. हा व्यवहार एकतर्फी नव्हता. मुलींचं करणं, घर सांभाळणं यातला मोठा वाटा त्यांनी उचलला. त्या पिढीतल्या मराठी पुरुषाने हे करणं आणि वर लिहिणं, याचं मोल आहेच. तरी एक प्रश्न आपण विचारायला हवा : बाईने रोज केला तर स्वयंपाक, आणि पुरुषाने केला तर छंद, असं का? ‘छंदांविषयी’ हा प्रश्न स्वतःहून विचारत नाही. आजच्या वाचकाने तो विचारला पाहिजे.

मग पळवाटेच्या आक्षेपाचं काय? त्यासाठी ‘गर्द’कडे बघा. व्यसनात अडकलेल्या पोरांवर लिहून अवचट पुढच्या विषयाकडे गेले नाहीत. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले, आणि 1986 साली पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. 1997 साली सुनंदाबाई गेल्या, तरी अवचटांचं मुक्तांगणशी नातं सुटलं नाही. ते थेट 2022 साली त्यांच्या निधनापर्यंत. पळणारा माणूस इतकी वर्षं एका जागी थांबत नाही. उलट आम्हाला असं वाटतं, की दुःखाच्या इतक्या जवळ राहायचं तर हाताला दुसरं काहीतरी हवं असतं. नाहीतर माणूस एक तर कोरडा होतो, नाहीतर कडवट. पत्रकारांमध्ये दोन्ही प्रकार आपण पाहतो.

इथे बसलेल्यांत पत्रकारिता शिकणारी मुलं-मुली आहेत, म्हणून शेवटी एवढंच सांगतो. अवचटांसारखा झोळा घ्या, बासरी घ्या, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. त्यांची घरची व्यवस्था तुमच्याकडे नसेल, आणि दर तासाला बातमी मागणारा संपादक त्यांच्या डोक्यावर नव्हता. पण ‘गर्द’ आणि ‘छंदांविषयी’ ही दोन पुस्तकं एका आठवड्यात, एकापाठोपाठ वाचून बघा. दोन्हीकडे ‘मी’ सारखाच आहे की वेगळा, हे तुमचं तुम्ही ठरवा. आमचं मत आम्ही सांगितलं. आता तुमचे प्रश्न घेऊ.