साहाय्य की कर्ज? लघुव्यावसायिकांसाठीच्या शासकीय पतयोजनेची करदृष्टीने चिकित्सा

प्रस्तावना : हिंगणघाट ही वणा नदीकाठची कापसाची जुनी बाजारपेठ. येथील जिनिंग-प्रेसिंगपासून कृषी सेवा केंद्रापर्यंतचे व्यवसाय हंगामावर चालतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर केंद्र शासनाने मे २०२० मध्ये ३ लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पत हमी योजना जाहीर केली. तिचे मूल्यमापन बहुधा वितरित रकमेवरून होते. प्रस्तुत लेखात ते पात्रता व करआकारणी या दोन अंगांनी केले आहे.

विवेचन : प्रारंभी या योजनेत २९ फेब्रुवारी २०२० रोजीच्या थकीत शिलकेच्या २० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज मिळत असे. त्यामुळे ज्याने कर्जच काढले नव्हते, तो वगळला गेला. हंगामी व्यवसायात हा निकष अधिकच विषम ठरतो. फेब्रुवारीत जिनिंगचा हंगाम चालू असल्याने त्याची उचल मोठी असते. बियाणे विक्रेत्याची उचल मात्र मे-जूनमध्ये वाढते. तारीख एकच, पण दोघांची गरज तिच्यात सारखी उमटत नाही.

दुसरा प्रश्न कराचा. हिशेबवह्या ठेवणाऱ्यास १९६१ च्या आयकर कायद्यानुसार व्यवसायकर्जाचे व्याज खर्च म्हणून वजा करता येत होते, मुद्दल नव्हे. परंतु कलम ४४ एडी खाली अनुमानित उत्पन्न दाखविणाऱ्यास ही वेगळी वजावट नव्हती. समजा, उलाढाल ९० लाख रुपये व सर्व विक्री रोखीची. ८ टक्क्यांनी उत्पन्न ७,२०,००० रुपये धरले जाई. नव्या १ लाखाच्या कर्जावर ९.२५ टक्क्यांनी वर्षाला ९,२५० रुपये व्याज दिले, तरी करपात्र आकडा बदलत नसे.

यावर असा आक्षेप घेता येईल की उर्वरित ९२ टक्क्यांत व्याज गृहीतच आहे. तो तत्त्वतः योग्य आहे. तथापि आपत्तीच्या वर्षी नफा घटतो व व्याज वाढते, दर मात्र स्थिर राहतो. कमी नफा दाखवायचा, तर करपात्र मर्यादेवरील उत्पन्न असणाऱ्यास वह्या व लेखापरीक्षण अनिवार्य होते; म्हणजे सवलतीसाठी पुन्हा खर्च.

निष्कर्ष : मार्च २०२३ अखेर ही योजना संपली. तिने पत पुरविली, हे नाकारता येत नाही. परंतु परतफेड करावी लागणाऱ्या रकमेला साहाय्य म्हणताना तिचा करभार लहान व्यावसायिकावर कसा पडतो, हे पाहिले गेले नाही. पुढील योजनांत हंगामी सरासरी उचल हा निकष असावा आणि आपत्तीवर्षी अनुमानित उत्पन्नातून अशा कर्जाच्या व्याजाची वजावट मिळावी.