जल-उपकर : एका अपयशाचे चुकीचे निदान

भारतातील पर्यावरण-नियमनाविषयीच्या चर्चेत एक अनुमान वारंवार भेटते. १९७७ च्या जल-उपकर अधिनियमाने येथे आर्थिक साधनाचा प्रयोग झाला, तो फसला, वस्तू व सेवा कर येताच २०१७ मध्ये उपकर रद्द झाला, सबब, विकसनशील देशास आज्ञा व दंड हाच मार्ग मोकळा. या अनुमानाचे पहिले विधानच आम्हांस मान्य नाही.

पिगू यांनी १९२० मध्ये ‘दि इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात ज्या प्रकारच्या कराचा पुरस्कार केला, त्याचे मर्म असे की, इतरांस पोचणारी हानी ती करणाऱ्याच्या हिशेबात यावी. प्रस्तुत अधिनियमाने कर बसविला तो वापरलेल्या पाण्यावर, नदीत सोडलेल्या घाणीच्या भारावर नव्हे. विषारी दूषितके सोडणाऱ्या उद्योगांस दर चढा होता खरा. पण तो मुळात हजार लिटरला कमाल अडीच पैसे. हिशेब करून पाहावा. रोज १ लाख लिटर पाणी वापरणाऱ्या अशा कारखान्यास दिवसाकाठी अडीच रुपये पडत. शुद्धीकरण संयंत्र बसविल्यास ७० टक्के सूट; म्हणजे बचत रोजची पावणेदोन रुपये. एवढ्यासाठी संयंत्र उभारील असा कारखानदार पाठ्यपुस्तकातही सापडणे कठीण! शिवाय सूट होती ती संयंत्र ‘बसविण्याबद्दल’. ते चालते की नाही, हे मूळ कलम विचारीतच नव्हते. मानकांच्या पालनाची अट १९९१ च्या दुरुस्तीने आली, आणि त्याच दुरुस्तीने सूट २५ टक्क्यांवर आणली.

मग हा अधिनियम होता तरी कशासाठी? उत्तर त्याच्या उद्देशिकेतच आहे : प्रदूषण मंडळांच्या साधनसंपत्तीत भर घालण्यासाठी. तो निधी-संकलनाचा कायदा होता, आणि त्याच कसोटीवर त्याची परीक्षा व्हावयास हवी. न झालेल्या प्रयोगाच्या अपयशावर सिद्धान्त उभारणे शास्त्रास धरून नाही.

हा वाद केवळ इतिहासाचा नव्हे. १९७४ च्या जल अधिनियमात २०२४ साली दुरुस्ती होऊन अनेक अपराधांबाबत कारावासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांची शास्ती आली आहे. तिलाही उद्या कोणी आर्थिक साधन म्हणू लागेल. त्याने प्रथम एवढेच मांडून दाखवावे की, मोठ्या कारखान्याच्या संयंत्राचा वार्षिक चालू खर्च या शास्तीहून अधिक भरतो की कमी.