भिंत आणि कुवत : ‘झुंड’मधील किशोरवयाचे चित्रण

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा हिंदी चित्रपट नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांसाठी उभारलेल्या फुटबॉलच्या कार्यावर आधारलेला आहे. ध्येयवादी शिक्षकाची यशोगाथा एवढ्यापुरतेच त्याच्याकडे पाहिल्यास त्यातील किशोरवयासंबंधीचा विचार मात्र दुर्लक्षित राहतो.

चित्रपटात महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. चपळाई, धाडस, सोबत्यांविषयीची निष्ठा हे गुण वस्तीतील मुलांच्या ठायी आरंभापासूनच आहेत. वस्तीत ते उपद्रव ठरतात, मैदानावर तेच खेळाडूचे गुण गणले जातात. कुवतीची किंमत तिच्या भोवतालचा समाज ठरवितो, हे येथे कोणत्याही उपदेशावाचून प्रत्ययास येते.

शिक्षक बोराडे प्रथम पैसे देऊन मुलांना खेळावयास लावतात; पुढे पैसे थांबले तरी मुले खेळ सोडीत नाहीत. एडवर्ड डेसी यांच्या १९७१ मधील प्रयोगांत पैशाच्या मोबदल्याने कामाची स्वाभाविक गोडी घटल्याचे, तर शाब्दिक प्रोत्साहनाने ती वाढल्याचे आढळले होते. त्या दृष्टीने हा प्रसंग विसंगत वाटेल. परंतु पैशाबरोबरच या मुलांना एका प्रौढाचा विश्वास आणि आपणांस काही साधते ही जाणीव प्रथमच लाभते, हे ध्यानात घेतले म्हणजे विसंगती उरत नाही.

भावनिक प्रश्नाच्या बाबतीत मात्र चित्रपट कमी पडतो. डॉनचा संताप डिवचण्यातून व अवहेलनेतून उद्भवतो, हे दिग्दर्शक नेमकेपणाने दाखवितो. मोनिकाच्या कुटुंबास ओळखीच्या कागदपत्रांसाठी करावी लागणारी वणवणही त्याच अवहेलनेचे सरकारी रूप होय. तथापि डॉनच्या मार्गातील पोलिस प्रकरणाचा अडसर दूर होतो तो न्यायालयातील शिक्षकाच्या भाषणानंतर. त्या संतापाचे डॉनच्या मनात पुढे काय झाले, याचा शोध घेतला जात नाही. शिवाय संघात ज्यांची निवड झाली नाही, त्यांचे काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

आपल्या विभागांतून किशोरांच्या वर्तनसमस्या मोजण्याचे काम नित्य चालते. त्या मोजणीत मुलाच्या गुणांकाशेजारी त्याच्या वाट्यास आलेले मैदान, कागदपत्रे आणि विश्वासू प्रौढ यांचीही नोंद व्हावयास हवी. एरवी भिंतीचा दोष मुलाच्या नावावर मांडला जाईल.