‘झपाटलेला २’ : खोली आणि नाम

महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’चा (१९९३) उत्तरभाग २०१३ साली त्रिमितीत आला. वर्ध्यास घरी साध्या पडद्यावर तो पाहताना तिसरी मिती लोपते व केवळ तिच्यासाठी योजिलेली दृश्ये पोकळ भासतात. टिकतो तो तात्या विंचू. रामदास पाध्ये यांचा बाहुला व दिलीप प्रभावळकर यांचा आवाज यांचे श्रेय मोठेच. परंतु भयाचे मूळ नामरचनेतही आहे. ‘तात्या’ हे वडीलधाऱ्याचे संबोधन, ‘विंचू’ हा दंश करणारा जीव. आदर आणि विष एकत्र नांदतात. गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरण्याची ‘चाइल्ड्स प्ले’मधील (१९८८) अमेरिकी कल्पना या नामानेच मराठी झाली. उत्तरभागाने या भाषिक ठेव्यापेक्षा तंत्रावर अधिक भिस्त ठेवली, हाच त्याचा मूलगामी दोष होय.