लोकशाहीचे मापन आणि इंद्रायणीचे दोन तीर : एक चिकित्सा

लोकशाही, मानवी हक्क आणि जागतिक विकास या विषयांवर महाविद्यालयीन नियतकालिकांतून विपुल लेखन प्रसिद्ध होत असते. त्याचा एक साचा ठरून गेला आहे. आरंभी संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा जाहीरनामा, त्यानंतर संविधानातील मूलभूत हक्क, पुढे मानव विकास निर्देशांकातील भारताचे स्थान आणि अखेरीस शासनाने करावयाच्या उपाययोजना. यातील माहिती चुकीची असते असे नव्हे. परंतु संशोधक ज्या परिसरात अध्यापन करतो, त्या परिसराला त्याच्या प्रतिपादनात शिरण्यास वाटच उरत नाही. ही उणीव केवळ आपल्याकडील लेखनाची नाही; ज्या आंतरराष्ट्रीय संशोधनाचा आपण आधार घेतो, त्यातही ती आहे. चऱ्होलीच्या उदाहरणावरून ती स्पष्ट करता येते.

इंद्रायणीच्या एका तीरावर चऱ्होली बुद्रुक आहे, दुसऱ्या तीरावर चऱ्होली खुर्द. बुद्रुक १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. खुर्द खेड तालुक्यात, ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली राहिले. म्हणजे १९९२ च्या ज्या दोन घटनादुरुस्त्यांचा आपण वर्गात एका दमात उल्लेख करतो, त्यांपैकी त्र्याहत्तरावी नदीच्या एका काठाला लागू झाली आणि चौऱ्याहत्तरावी दुसऱ्या काठाला. या दोहोंतील अंतर मोठे आहे. ग्रामसभेत गावातील प्रत्येक मतदार पदसिद्ध सदस्य असतो आणि महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. महानगरपालिकेत याच्या जागी प्रभाग समिती येते. पिंपरी-चिंचवडमध्ये ३२ प्रभागांतून १२८ नगरसेवक निवडले जातात आणि क्षेत्रीय कार्यालये आठ आहेत. २०११ च्या जनगणनेतील सुमारे १७ लाख २७ हजार लोकसंख्या विचारात घेतली, तर एका प्रभागामागे सरासरी ५४ हजार आणि एका क्षेत्रीय कार्यालयामागे दोन लाखांहून अधिक माणसे येतात. राज्याने २००९ मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली. ती बहुतांशी कागदावरच राहिली.

ग्रामसभेचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. गणसंख्येअभावी तहकूब होणाऱ्या सभा, भावकीचे राजकारण, स्त्रियांचे आणि दलितांचे मौन हे सर्व परिचयाचे आहे. तथापि विलीनीकरणाने नागरी सेवांवरील हक्क मिळतो आणि प्रत्यक्ष सहभागाचा हक्क जातो, या देवघेवीचा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा. विकासाच्या हक्काविषयीच्या १९८६ च्या जाहीरनाम्यात लोकांचा सक्रिय, मुक्त आणि अर्थपूर्ण सहभाग हा विकासाच्या व्याख्येचाच भाग मानला आहे. अमर्त्य सेन यांनीही ‘डेव्हलपमेंट अॅज फ्रीडम’ (१९९९) या ग्रंथात स्वातंत्र्य हे विकासाचे साध्य तसेच साधनही मानले आणि सार्वजनिक चर्चेला मध्यवर्ती स्थान दिले. या निकषावर बुद्रुकचा विकास झाला की नाही, हा खरा प्रश्न आहे. सेन यांची चौकट तो विचारण्यास पुरेशी आहे. पण त्यांची भारतातील गाजलेली तुलना केरळ आणि उत्तर प्रदेश अशा राज्यांची आहे. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी चौकटीपेक्षा हे एककच अधिक निष्ठेने उचलले.

स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या व्ही-डेम प्रकल्पाची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. २०२१ च्या अहवालात त्याने भारताला ‘निवडणूकप्रधान एकाधिकारशाही’च्या वर्गात टाकले आणि आपल्याकडील सारी चर्चा त्या नामाभिधानाभोवतीच फिरली. वास्तविक या प्रकल्पात स्थानिक शासनाचाही एक निर्देशांक आहे. स्थानिक संस्था निवडून आलेल्या आहेत काय आणि अनिर्वाचित यंत्रणेच्या हस्तक्षेपावाचून त्या काम करू शकतात काय, हे त्यात पाहिले जाते. प्रश्न अगदी नेमका आहे. उत्तर मात्र तज्ज्ञांच्या मतांवरून संपूर्ण देशासाठी एका आकड्यात दिले जाते.

त्या आकड्यात काय बुडून जाते ते पाहावे. पिंपरी-चिंचवडच्या निर्वाचित सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात रेंगाळला, आणि पुढील मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. याच काळात, २०२५ मध्ये, महापालिकेने चऱ्होली आणि चिखली येथे नगररचना योजना राबविण्याचे ठरविले. अशा योजनेत जमिनी एकत्र करून त्यांची नव्याने आखणी होते, रस्ते व सुविधांसाठी हिस्सा राखला जातो आणि उरलेले भूखंड मूळ धारकांना परत मिळतात. योजना योग्य की अयोग्य, हा नियोजनशास्त्राचा विषय आहे. जमीनधारकांनी विरोध केला, तेव्हा तो ज्यापुढे मांडावा असे सभागृह अस्तित्वात नव्हते, प्रभाग समिती नव्हती आणि ग्रामसभा तर १९९७ पासूनच नव्हती. खुर्दची स्थिती निर्दोष होती असेही नाही. तेथील मतदारांचे पुणे जिल्हा परिषदेवरील प्रतिनिधित्वही याच काळात खंडित होते. मात्र गावपातळीवरील सभेचा कायदेशीर आधार त्यांच्याजवळ होता.

दक्षिण आशियातील लोकशाहीविषयी लोकनीतीच्या पुढाकाराने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल या बाबतीत अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात तज्ज्ञांपेक्षा सामान्य नागरिकाला लोकशाहीचा अर्थ विचारला गेला. पण पाच देशांच्या नमुन्यात ‘काल गावात होतो, आज शहरात आहे’ असा नागरिक वेगळा दिसणे शक्य नव्हते. ते काम स्थानिक महाविद्यालयांचे आहे आणि त्यासाठी परदेशी प्रश्नावलीची गरज नाही. समाविष्ट गावांच्या विलीनीकरणापूर्वीच्या ग्रामसभांची इतिवृत्ते, त्यानंतरचे प्रभाग समित्यांचे ठराव आणि विकास आराखड्यावर दाखल झालेल्या हरकती ही साधने शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतील. कोणता प्रश्न पूर्वी सभेत उभा राहून विचारला जात असे आणि आता तो अर्जाच्या रूपाने कोणत्या खिडकीवर जातो, हे त्यांतूनच कळेल.