पुलकेशीच्या दरबारातले इराणी?

पडद्यावर आता अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मधलं चित्र आहे. सिंहासनावर राजा, भोवती दासदासी, आणि समोरून टोकदार टोप्या घातलेले, दाढीवाले परदेशी लोक भेटवस्तू घेऊन येताहेत. पहिल्याच्या हातात मोत्यांचा सर आहे. चित्राचं रूढ नाव ‘इराणी वकिलात’. इराणचा बादशहा दुसरा खुस्रो यानं चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्याकडे पाठवलेले हे वकील, असं आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं असतं.

चित्रात मात्र असं कुठेही लिहिलेलं नाही. हा अर्थ १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी लावला. आधाराला होता तबरी या इतिहासकाराचा अरबी ग्रंथ. त्यात खुस्रोच्या कारकिर्दीच्या ३६व्या वर्षी भारतातल्या एका राजानं त्याला पत्रं आणि नजराणे पाठवल्याची नोंद आहे. त्या राजाचं अरबी लिपीतलं अस्पष्ट नाव पुलकेशी असं वाचलं गेलं. पण जरा थांबा. तबरीचे वकील भारतातून इराणला गेले. चित्रातले परदेशी तर इकडे आलेत! मग उत्तरादाखल उलटी वकिलात आली असेल, असं धरावं लागलं. इथेच आपल्याला शंका यायला हवी होती.

आता ऐहोळेच्या शिलालेखाकडे वळू. रविकीर्तीनं इ.स. ६३४ मध्ये रचलेली ही पुलकेशीची प्रशस्ती. हर्षाचा पराभव त्यात मोठ्या झोकात येतो. आपल्या राजाचं कौतुक करण्यात हा कवी हात आखडता घेत नाही. खुस्रो त्याआधी सहा वर्षं, ६२८ मध्ये मारला गेलेला. म्हणजे वकील आले असते तर ते प्रशस्तीच्या आधीच. पण तिच्यात इराणचं नावही नाही.

खरी अडचण काळाची आहे. वॉल्टर स्पिंक यांनी हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवलं. पुलकेशी गादीवर आला तो सातव्या शतकाच्या सुरुवातीला. शंभराहून जास्त वर्षांचं अंतर! याच लेण्याच्या छतावर टोपीवाला पुरुष आणि त्याच्या सोबतची स्त्री पेयपान करताना दिसतात. फर्ग्युसननी त्यांना खुस्रो आणि शिरीन ठरवलं. पण तसलीच चित्रं थोड्याफार फरकानं छतावर चार होती. चार खुस्रो कशाला हवेत?

मग राजा कोण? स्पिंक यांनी हे चित्र महासुदर्शनाच्या कथेशी जोडलं, आणि आम्हाला हे वाचन जास्त पटतं. मरणशय्येवरचे बुद्ध आनंदाला सांगतात: आज आडगाव वाटणारं हे कुशीनगर एकेकाळी कुशावती होतं, आणि तिथला चक्रवर्ती राजा महासुदर्शन मीच होतो. चौऱ्याऐंशी हजार नगरं, तितकेच हत्ती. प्रजा धन घेऊन आली तर राजा म्हणतो, माझ्याकडे पुष्कळ आहे, उलट इथलंच घेऊन जा. शेवटी राणी त्याला वैभवाची आठवण देऊन जगण्याची आस धरायला सांगते. तो तिला म्हणतो, उलट बोल. या सगळ्याची आस सोडा, असं मला सांग.

या कथेत ठेवून पाहिलं की मोत्यांचा सर वेगळाच दिसू लागतो. सगळं जग ज्याच्या दारी येतं, त्याला ते सगळं सोडायचंय. भिक्षूंच्या विहारात हे चित्र का, हेही मग वेगळं विचारावं लागत नाही. आपण मात्र ते परराष्ट्र खात्याच्या फोटोसारखं वाचत आलो, कारण त्यात आपल्या राजाचा मान होता.

फर्ग्युसनचा डोळा मात्र वाईट नव्हता. टोप्या, दाढ्या, पेहराव इराणी वळणाचेच आहेत, ते त्यांनी अचूक ओळखलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून इराणशी व्यापार चालत होता. चित्रकारांना असा पेहराव अनोळखी नव्हता. चक्रवर्तीच्या दारात दूरदूरचे लोक दाखवायचे, तर त्यांनी हेच चेहरे निवडले. पुढच्या चित्रात या टोप्या जरा जवळून पाहू.